अतियातमावशींचा जबडा

इजिप्तमध्ये, दमनहूरला आमच्या गल्लीत बाई वारली की आधी अतियातमावशींना बोलावणं जायचं. त्या मयताला आंघोळ घालायच्या, मी पाणी ओतायचे. अंगावर काही वावगं दिसलं तर बाहेर चकार शब्द काढायचा नाही, हा त्यांचा दंडक. आमच्या बायका मात्र खुणा शोधायला टपलेल्याच. चेहरा काळवंडला, जरासा वास आला, की झालं, बाई पापी ठरली!

एकदा एका घरी मयत फळीवर असतानाच लेकी आईच्या सोन्याच्या दातावरून भांडल्या, एकीने तर पक्कड आणली. मावशींनी त्यांना हाकलून दिलं, पण धसका घेतला. त्यांच्याही तोंडात सोन्याचा दात होता.

"माझ्या मढ्याशी कुणी झोंबायला नको गं," म्हणत त्या मला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेल्या.

"काही औषधं चालू आहेत का, हज्जा?" वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं म्हणत त्याने विचारलं.

"रक्तदाबाची गोळी. बस्स."

मणका पिचल्यापासून त्या दरवर्षी हाडं मजबूत करणारी बाटली चढवून घ्यायच्या. वर्षातून एकदाची बाटली, ती कोण औषधात धरतं? मीही धरली नाही. दात निघाला आणि त्यांच्या मुलीच्या हवाली झाला.

खड्डा काही भरेना. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. मग हिरडीतून पिवळं हाड डोकावू लागलं, गाल सुजला, पू वाहू लागला. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिला आणि नेमकं त्या बाटलीचंच विचारलं.

"त्या औषधाने कुणाकुणाच्या जबड्याचं हाड मरतं. त्यात दात काढला की धोका वाढतो. तिथे सांगायचं नाही का?"

"त्या दातांच्या डॉक्टरने तरी बाटलीचं नाव घेऊन विचारायचं ना!" मी ताडकन बोलले.

मावशी अर्ध्या तोंडाने हसल्या. "जन्मभर मेलेली धुतली. आता एक तोंडातच राहायला आलं."

औषधांनी तोंडाचा वास कमी व्हायचा, जायचा नाही. हळूहळू बोलावणी बंद झाली. तोंडावर कुणी बोललं नाही, त्याचाच मला जास्त संताप यायचा.

मग त्यांची धाकटी बहीण रईफा गेली. आजारपणात तिने मावशींकडून वचन घेतलं होतं, "ताई, मला तुझाच हात लागू दे. परक्या बाईपुढे मला उघडी पाडू नकोस." मावशींनी पुन्हा पुन्हा गुळण्या केल्या, तोंडावर दुहेरी फडकं बांधलं आणि आत शिरल्या. मी कापराचं कोमट पाणी ओतत होते. रीतीप्रमाणे आधी उजवी बाजू; बहिणीची ती बाजू त्या इतक्या हलक्या हाताने धूत होत्या की मला रडू आवरेना.

दाराशी रईफाची नणंद बसली होती. तिने नाक दाबलं.

"अगं बाई, इतक्यात वास सुटला? काय पापं केली होती कोण जाणे!"

मावशींचा हात थांबला. त्यांनी फडकं सोडलं, नणंदेसमोर जाऊन तोंड उघडलं आणि बोटाने गाल ओढून ते हाड दाखवलं.

"नीट बघ. वास माझा आहे. माझी बहीण स्वच्छ आहे."

मावशींनी हातातलं ओलं कापड माझ्या हातात दिलं.

"आता तू कर गं. मी इथे राहिले तर हिलाच नावं ठेवतील."

त्या बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. रईफाची डावी बाजू मी धुतली.