बुजवलेल्या फटी

ग्लेनिस प्रॉसरचा उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घालण्यात गेला. वेल्सच्या त्या खोऱ्यातल्या गल्लीत आपल्याइतकं स्वच्छ घर दुसरं नाही, असं ती स्वतःच सांगे. त्यामुळे माळ्यावरच्या बुरशीची तक्रार केल्यावर कंपनीचा साहेब फोनवर म्हणाला, "आजी, घर जरा स्वच्छ ठेवा, बुरशी धरणार नाही," तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

याच कंपनीची माणसं पानगळीत दारोदार फिरली होती. सरकारी योजना आहे, थंडी अडवायला माळ्यावर काचेची लोकर फुकट अंथरून देतो, म्हणाली. ऊब आली हे खरं. पण हिवाळा सरता सरता माळ्यावर कुबट वास सुटला. ग्लेनिस शिडी लावून वर चढली. पूर्वी तिथे छपराच्या कडेने वारा यायचा, केस उडायचे. आता सगळं कोंदलेलं. लोकर पार कडेपर्यंत ठासून त्यांनी वाऱ्याच्या फटीच बुजवल्या होत्या. घरातली वाफ वर जाऊन तिथेच पाणी होऊन साचत होती. वासे काळे पडले होते. नवऱ्याच्या मागे जपून ठेवलेला त्याचा गायनमंडळाचा कोट बुरशीने खाल्ला होता.

फटी बुजवल्याचंही तिने फोनवर सांगितलं, तर साहेब म्हणे, किटली फार उकळत असाल, आणि माणसांच्या श्वासाचीही वाफ होतेच.

"मग श्वास घ्यायचा सोडू का?" तिने विचारलं. "आणि मी तुझी आजी नाही."

दुसऱ्या दिवशी ती घरोघर गेली. प्रत्येक माळ्यावर तीच तऱ्हा. शेजारचा इदवल, जुना खाणकामगार, कुरकुरला, "धर्माची गाय, ग्लेनिस. तिचे दात कशाला मोजतेस?"

"गाय गोठाच पाडायला निघाली तर मोजायला नकोत?"

इदवल तिच्यामागून निघाला. ओल्या लोकरीची पोती घेऊन अख्खी गल्ली कंपनीच्या दारात जाऊन बसली. साहेबाने ग्लेनिसला बाजूला घेतलं. तुमचं घर उद्याच नीट करून देतो, बाकीच्यांचं एवढं घेऊन बसू नका, म्हणाला.

"कोपऱ्यावरच्या घरापासून सुरुवात कर," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझं शेवटी."

तसंच झालं. कडेची लोकर मागे ओढून, वारा खेळेल अशा पन्हळी बसवल्या. कामगारांना तिने चहा-केक दिला, साहेबाला दारातच उभं ठेवलं. वासे वाळले. कोट फेकून द्यावा लागला, आणि त्याबद्दल माफी कोणीच मागितली नाही. तो विषय निघाला की अजूनही तिचा आवाज चढतो.