चोकला घातलेली दुलई

नातीनं परवा अंगणासाठी दणकट एलईडी दिवा आणला. त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या. म्हणाली, "आजी, या झाकायच्या नाहीत. गरमी इथूनच बाहेर पडते, नाहीतर दिवा लवकर जातो." मी मान डोलावली. हे ज्ञान मी ऐंशीच्या दशकातच मिळवलं होतं, तेही घर अंधारात घालून.

तेव्हा जळगावात पत्र्याच्या दोन खोल्यांत मी एकटी. हे नोकरीला दोंडाईच्याला. शनिवारी संध्याकाळी यायचे, रविवारी दुपारच्याच गाडीनं परत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तुझ्या पिवळ्या बल्बात वाचवत नाही गं. डोळे दुखतात." सोमवारी पहाटेचीही गाडी होती. म्हणजे बल्ब बदलला की माणूस एक रात्र जास्त राहील, असं गणित मी मांडलं. किती हुशार बाई.

यांना न सांगता ट्यूबलाइट बसवून घेतली. उजेड दुधासारखा, पण तिच्या पट्टीवरचा चोक, वीज सांभाळणारा तो लोखंडी ठोकळा, सारखा गुणगुणायचा. म्हटलं, वाचताना यांना त्रास नको. चोपड्याहून आईनं पाठवलेला कापूस होता. मखमलीच्या तुकड्यात तो भरून चोकला मी छान दुलई शिवली, वर झालरही. आवाज बंद. रेडिओला, पंख्याला, सगळ्याला कव्हर शिवायची मला खोडच होती.

मे महिना. शनिवारी चार वाजल्यापासून ट्यूब लावून बसले. हे आले, वर पाहिलं, "अरे वा" म्हणाले आणि पेपर उघडला. अर्ध्या तासात करपल्याचा वास सुटला. समोरच्या अक्का दारातून म्हणाल्या, "तुना घरमा काय जळी ऱ्हायनं वं?"

"भाजी," मी म्हटलं. तेवढ्यात ट्यूब फडफडली आणि गेली.

यांनी पेपराची घडी घातली. मी घाईनं म्हणाले, "उद्या सकाळीच दुरुस्त करून घेते. संध्याकाळी निवांत वाचा."

"कशाला घाई? मी उद्या दुपारी निघणारच आहे."

"ट्यूब लागली तरी?"

"ट्यूबचा काय संबंध?" बल्बचं कारण यांना खरंच आठवत नव्हतं.

सोमवारी विजेची कामं करणारे मिस्त्रीचाचा आले. शिडीवर चढून त्यांनी दुलई दोन बोटांत धरून काढली. "भाभी, मे महिन्यात रजाई? हा बिचारा जेवढा तापतो, तेवढी हवा त्याला लागते. तुम्ही तर त्याला गुदमरून मारला."

"थंडी वाजत असेल असं वाटलं," मी म्हटलं. हसत हसत त्यांनी नवा चोक बसवला, बाजूनं हवा खेळेल अशी जागा सोडली आणि बटण दाबलं. हा तर पहिल्यापेक्षा मोठ्यानं गुणगुणत होता.

"पट्टीचा स्क्रू ढिला आहे. कसून देतो, आवाज जाईल."

यांचा पेपर अजून पलंगावर तसाच घडी करून पडला होता. पुढचा शनिवार पाच दिवसांवर.

"राहू द्या चाचा," मी म्हटलं. "घरात तेवढाच आवाज असू दे."