शिंपिणीचं कुंकू
तीळ भाजल्याचा वास आला की कतारला, दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीतलं आमचं घर आठवतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझे ब्लाउज शिवणारी श्रीलंकेची तमिळ बाई आली होती. तिकडच्या लढाईत सैनिकांनी तिच्या नवऱ्याला निर्वासितांच्या छावणीतून उचलून नेलं होतं, वर्षभर पत्ता नव्हता. मी तेव्हा मोठी शहाणी! तिच्यापाशी येताच करंडा मागे घेतला आणि नुसता तिळगूळ पुढे केला. ती हिंदीत म्हणाली, "अक्का, तो मेला असं सैनिकांनीसुद्धा सांगितलं नाही. तुला कोणी सांगितलं? लाव कुंकू." मी घाबरून एवढं लावलं की नाकावर सांडलं. उन्हाळ्यात ती धापा टाकत जिना चढून आली. "सोडलं त्याला! मारून मारून दात पाडलेत, पण फोनवर माझ्याशी भांडला!" त्या भांडणाचे पेढे मी अख्ख्या बिल्डिंगला वाटले; माझं शहाणपणही त्यांच्यासोबतच वाटून टाकलं असावं, आता घरात शोधून सापडत नाही.