स्वच्छ निघालेले अडीच ट्रे

तपासणी खोलीत तिला सगळे घार म्हणायचे. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहायचं.

कारखाना इंजेक्शनच्या औषधांचा. घारीचं काम ऐकायला पोरखेळ वाटेल असं. भरून बंद केलेली काचेची कुपी उचलायची, मनगटाला हलका झटका देऊन आतलं औषध फिरवायचं आणि दिव्याखाली आधी काळ्या पाटीसमोर धरायची, मग पांढऱ्या. काळ्यासमोर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यासमोर काळा. काही तरंगताना दिसलं की कुपी लाल डब्यात. नाही दिसलं की ट्रेमध्ये. साठ कुप्या झाल्या की ट्रेवर आपल्या नंबरचा शिक्का. शिक्का म्हणजे शब्द दिल्यासारखं होतं, की यात काही नाही, टोचा बिनधास्त.

नव्या मुली दोन दिवसांत डोळे चोळत बाहेर यायच्या. "ताई, मला तर सगळ्याच कुप्यांत काहीतरी दिसतंय." तिसऱ्या दिवशी, "ताई, मला आता कशातच काही दिसत नाही." घार तेरा वर्षं तीन नंबरच्या टेबलावर होती आणि तिला जे असेल तेवढंच दिसायचं.

दर सहा महिन्यांनी तपासणाऱ्यांचीच तपासणी व्हायची. साहेब एका ट्रेमध्ये मुद्दाम काही खराब कुप्या मिसळायचे. खोलीत त्यांना 'चोर' म्हणत. एक चोर निसटला तर ताकीद, दोन निसटले तर टेबल गेलं. मग पाठवणी खोक्यांच्या विभागात, जिथे चिकटपट्टीचं मशीन दिवसभर कुणीतरी चिमटा काढल्यासारखं किंचाळायचं.

"आमच्या घारीला चोर स्वतःच हाका मारतात," शेजारच्या चार नंबरवरची बाई म्हणायची. "'ओ ताई, मी इकडे! तिसऱ्या रांगेत!' तेव्हा कुठे ही हात पुढे करते." या बाईला सगळे रेडिओ म्हणत, कारण तिला बंद करायचं बटण कुणालाच सापडलं नव्हतं.

घारीला डोकेदुखी दोन प्रकारची होती आणि त्या दोघींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता.

पहिली साधी. चहा चुकला, ऊन लागलं, नणंदेशी वाजलं की ती यायची. कपाळाभोवती कुणी घट्ट फडकं बांधल्यासारखं व्हायचं. तिच्यासकट घार कपडे धुवायची, भांडायची, मालिकेतल्या सासूला नावं ठेवायची. बाम चोळला, तासभर आडवं झालं की ही बया जायची.

दुसरीला मात्र डोकेदुखी म्हणावं की नाही इथूनच प्रश्न होता. ती डोक्यात यायच्या आदल्या दिवशीच घरात आलेली असायची. मान आखडायची. उगाच जांभया यायच्या. गोड खावंसं वाटायचं आणि नवऱ्याचा श्वाससुद्धा खटकायचा. मग कधीतरी नजरेच्या मध्याजवळ एक ठिपका चमकायचा, दिव्याकडे बघून मान वळवल्यावर उरतो तसा. हा मात्र विरायचा नाही, वाढायचा. त्याला करवतीसारखे दाते फुटायचे, ते लखलखत बाजूला सरकायचे आणि त्यांच्यामागे जग गायब व्हायचं. अर्धं पान, अर्धं घड्याळ, अर्धा माणूस. वीस-पंचवीस मिनिटांनी दिसायला लागायचं आणि हायसं वाटायच्या आत उजव्या डोळ्यामागे ठोके सुरू व्हायचे. तेही एकाच बाजूला, नाडीच्या तालावर. दोन पायऱ्या चढल्या तरी वाढायचे. उजेड टोचायचा, साबणाच्या वासाने पोटात ढवळायचं, मग उलट्या. आणि दुसऱ्या दिवशी पिळून दोरीवर टाकलेल्या कपड्यासारखी अवस्था, बोलताना साधे शब्द सापडायचे नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं होतं. "अर्धशिशी. मायग्रेन. डोकं दुखणं हा या आजाराचा एक तुकडा आहे, सगळा आजार नव्हे. आणि लक्षात ठेवा, पुष्कळांना ताणात असताना येत नाही. ताण उतरला की येतं."

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा थोरली नणंद खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. "डोकं म्हटलं की दुखणारच! माझं नाही दुखत? मी बसते का पडदे ओढून? आमच्या वेळी असली इंग्रजी नावं नव्हती, म्हणून आजारही नव्हते." नवरा बिचारा भला. ती अंधारात पडली की तो चोरपावलांनी यायचा आणि दार इतकं हळू लावायचा की कुरकुर संपता संपायची नाही. "त्रास नाही ना झाला?" असं वर कुजबुजून विचारायचा. आपटलं असतंस तर एकदाच लागलं असतं, असं घारीच्या ओठांवर यायचं. ती म्हणायची, "नाही हो."

कारखान्यात मात्र तिने ते नाव कधीच उच्चारलं नाही. कामावर लागताना सही केलेल्या कागदावर स्पष्ट होतं, नजरेचा कुठलाही त्रास असेल त्याला टेबलावर बसता येणार नाही. सही केली तेव्हा त्रास नव्हता. तो चार वर्षांनी सुरू झाला आणि तोवर ती घार झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती कशात तरी सगळ्यांत पुढे होती. ती खुर्ची कोण सोडणार?

म्हणून तिने आपला नियम केला. ठिपका चमकला की हातातली कुपी जागच्या जागी ठेवायची, पोट धरायचं आणि संडासात जाऊन बसायचं. नजर परत आली की गोळी घेऊन टेबलावर. ठोके पडत असले तरी चालतील, दिसतंय ना? कुणी विचारलं तर, "साधं डोकं दुखतंय गं." तिचं पोट कायम बिघडलेलं असतं अशी खोलीत समजूत होती. रेडिओने एकदा तिला ओवा आणून दिला होता.

बुधवारी सकाळी परीक्षा झाली. घार आठवडाभर वेळेवर झोपली होती, वेळेवर जेवली होती, नणंदेला उलट बोलली नव्हती. साहेबांनी ट्रे समोर ठेवला. चोर आठ होते. तिने नऊ काढले.

"आठच टाकलेत मी," साहेब म्हणाले.

"नववी तुम्ही टाकलेली नाही. ती आपली आपणच आलीय. बुडाशी धागा आहे बघा."

साहेबांनी भिंग लावून बघितलं. धागा होता. मग ते उभे राहिले आणि "थोडक्यात सांगायचं तर" अशी सुरुवात करून त्यांनी निष्ठा, चिकाटी, त्यांचे वडील आणि वडिलांची सायकल असं बरंच काही थोडक्यात सांगितलं. रेडिओ मागे उभी राहून, ओठ न हलवता, त्यांच्याबरोबर वाक्यं पुरी करत होती. घारीला हसू आवरेना. आठवडाभर आवळलेले खांदे सैल झाले. टेबलावर बसताना तिला जांभई आली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. "सुटले बाई," ती म्हणाली आणि रोजचं काम पुढे ओढलं.

पहिला ट्रे स्वच्छ निघाला. एकही कुपी लाल डब्यात गेली नाही. असं वर्षातून एखाद्या वेळी होतं. शिक्का मारून तिने ट्रे सरकत्या पट्ट्यावर सोडला. दुसराही स्वच्छ. तिला बरं वाटलं. दिवसच चांगला आहे, तिच्या मनात आलं. सकाळी नऊ चोर, आणि आता हे. तिसराही अर्धा झाला आणि लाल डबा तसाच रिकामा.

"भरणीवाल्यांनी आज हात धुतलेले दिसतात," ती रेडिओला म्हणाली.

"धुतील कसले! माझ्याकडे बघ ना, आत्ताच चार काढल्या. एकीत तर केसाएवढा..."

घारीने मान वळवून रेडिओकडे बघितलं. रेडिओला एकच डोळा होता. नाक अर्धं होतं, हसू अर्धं होतं. आणि उरलेल्या जागी भोक नव्हतं. भोक असतं तर केव्हाच कळलं असतं. तिथे भिंत होती. मेंदूने शेजारच्या भिंतीचाच रंग ओढून तिथे ठिगळ लावलं होतं, शिवण दिसणार नाही असं.

ठिपका चमकलाच नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आजार न सांगता आला होता. तिने कुपी उचलून पांढऱ्या पाटीसमोर धरली. एका बाजूची काच आणि काचेतलं औषध, दोन्ही पाटीत मिसळून गेलं. किती स्वच्छ दिसत होतं. तेवढ्यात कडेला पहिले दाते लखलखले.

"काय झालं गं? पोट?" रेडिओ वाकली.

"पोट नाही." घारीने तिच्या कानाशी सगळं सांगितलं, पोटाच्या खोटेपणासकट.

रेडिओ ऐकता ऐकता पांढरी पडली. "गप बस," ती दातांतून म्हणाली. "अडीच ट्रे. दीडशे कुप्या. ट्रेमागे किती निघतात तुझ्या, दोन-तीन? आणि आज खरंच काही नसेलही त्यांत. घारे, आजच पास झालीस ना? जा, संडासात बस, ये परत. मी नाही कुणाला सांगत. माझी शपथ."

"शिक्का माझा आहे."

"अगं, खोक्यांच्या विभागात डोकं फुटेल तुझं त्या आवाजाने!"

"फुटू दे," घार म्हणाली आणि भिंतीला हात लावत लावत साहेबांच्या काचेच्या खोलीत गेली. ट्रे पट्ट्यावरून गोदामाकडे चालले होते. दुपारची गाडी लागायला तासही उरला नव्हता.

"साहेब, माझे अडीच ट्रे परत घ्या. मला दिसत नव्हतं."

साहेब हसले. "अहो ताई, नऊ चोर पकडणारी बाई तुम्ही!"

"तेव्हा दिसत होतं. मला मायग्रेन आहे."

"म्हणजे डोकेदुखीच ना? मग दमलात. सगळ्यांचंच दुखतं हो. आमच्या घरी तर रोज संध्याकाळी सहाला, घड्याळ लावून घ्या. चहा मागवू?"

इतकी वर्षं ज्या वाक्यामागे ती लपली होती, तेच आता दार अडवून उभं होतं. साधं डोकं दुखतंय, असं तिनेच सगळ्यांना पढवलं होतं. घारीला रडू यायला लागलं, पण रडलं की ठोके लवकर सुरू होतात हे तिला माहीत होतं.

"साहेब, चहा नको. डोकं माझं अजून दुखतच नाहीये. ते अर्ध्या तासाने दुखेल. आत्ता मला तुमच्या खिशाचं पेन दिसत नाहीये. खिसा दिसत नाहीये. तुमचा तो खांदाच नाहीये तिथे, कपाट आहे. दुखण्याआधी नजर जाते, अर्धी. आठ-नऊ वर्षं होतंय. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण खुर्ची जाईल. आता ट्रे थांबवा."

साहेबांनी खिशावर हात ठेवला. निळं पेन तिथेच होतं. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि फोन उचलला.

पुढचं घारीला तुकड्यांनी आठवतं. कपडे बदलायच्या खोलीतली फरशी, कारण तेवढीच गार होती. दिवा बंद होता, तरी दाराखालची उजेडाची फट सुरीसारखी आत यायची. कुणाच्या तरी चपलेचा चिर्र आवाज थेट उजव्या डोळ्यामागे. बादली. पुन्हा बादली. पोटात काही उरलं नाही तरी बादली. मग रेडिओ. ती कुजबुजत होती, पण रेडिओची कुजबुज म्हणजे दुसऱ्याचं ओरडणं.

"परत तपासले. मी आणि साहेबांनी मिळून."

"किती?"

"पडून राहा ना."

"किती गं?"

"पाच. एकीत काच आहे. सुईच्या टोकाएवढी."

घारीने डोळे मिटले. मिटले तरी आत ठोके पडतच होते.

गुरुवारी ती घरीच राहिली. नणंदेने दारातून डोकावून, "अजून दुखतंच आहे? कमाल आहे बाई," एवढंच म्हटलं. शुक्रवारी ती कामावर गेली तेव्हा तिला 'हजेरी' हा शब्द आठवायला दोन मिनिटं लागली. साहेबांच्या टेबलावर बदलीचा कागद तयार होता. तिने सही केली. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

"तुम्ही सांगितलंत ते चांगलं केलंत," साहेब म्हणाले. ते आज तुटक बोलत होते. "एक विचारायचंय. याआधी असं कधी झालं होतं? कळायच्या आधी शिक्का मारलेला?"

"नाही. आधी ठिपका यायचा. ठिपका दिसला की मी उठायचे. प्रत्येक वेळी."

"आणि ठिपका आलाच नसेल तेव्हा?"

स्वच्छ निघालेले ट्रे घारीला आठवत होते. वर्षातून एखाद्या वेळी. त्या दिवशी घरी जाताना ती खूश असायची, एकदा तर पेढ्यांसाठी दुकानाशी थांबली होती. तो दिवस कुठला, त्या रात्री डोकं दुखलं होतं का, काही आठवेना.

"प्रत्येक खेपेच्या थोड्या कुप्या आपण गोदामात ठेवतो ना नमुन्याला?" ती म्हणाली.

"तीन वर्षांच्या आहेत. त्याआधीच्या नाहीत."

"मग तीन वर्षांच्या काढा."

दुपारी गोदामाच्या कोपऱ्यात दिवा आणि दोन पाट्या मांडल्या. घारीला तपासायला मनाई होती. ती स्टुलावर बसून खोक्यातली एकेक कुपी पुसून पुढे करायची. रेडिओ झटका द्यायची, काळ्यासमोर धरायची, पांढऱ्यासमोर धरायची.

"चांगली," रेडिओ म्हणायची. "चांगली. चांगली."

घार पुढची कुपी द्यायची. या कुप्या मागे राहिलेल्या होत्या. त्यांच्या जोडीच्या हजारो केव्हाच टोचून झाल्या होत्या, आणि त्या चांगल्या होत्या का हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

"चांगली," रेडिओ म्हणाली आणि डोळे चोळत जरा थांबली. "घारे, पाणी दे गं."

घारीने पाणी दिलं. पहिलं खोकं संपलं होतं. अजून अकरा होती.