ओझेलाबाईंचे लाल भुंगे

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यापासून ओझेलाबाई पिंडर चर्चच्या दफनभूमीची बिनपगारी राखणदार होती. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात कडू करांद्याची वेल दिवसाला वीतभर वाढते, बघता बघता कबरी गिळते. बाई एकटी उपटत राहायची. पण मेल्या गुडघ्यांनी दगा दिला आणि तिच्या नवऱ्याची, रूफसची कबर दोन वर्षांत पार दिसेनाशी झाली.

शेवटी सरकारी शेतकी खात्यानं डबीतून लाल भुंगे धाडले. करांद्याशिवाय दुसऱ्या कशाला तोंड न लावणारे. एका घराला वर्षातून एकच डबी. बाईनं ते रूफसवरच्या वेलीवर सोडले आणि रोज सकाळी खुर्ची टाकून बघत बसली. महिन्याभरात पानांची चाळणी झाली. एक दिवस दगडाचा कोपरा दिसला, तशी ती एकटीच हसली.

"यंदा तुझ्या बहिणीला तोंड दाखवशील हो तू," ती रूफसला म्हणाली.

ऑगस्टचा दुसरा रविवार माघारी येण्याचा. शहरांत पांगलेली माणसं त्या दिवशी येतात, आपापल्या कबरींवर फुलं ठेवतात, तिथंच झाडाखाली मासे तळून जेवतात. पाहुण्यांना डासांनी फोडून काढू नये म्हणून फवारणीच्या गाडीला फोन करायचं काम बाईचं. वीस वर्षांची सवय! यंदाही दोन आठवडे आधी केला. गाडी घेऊन गावातलाच पोरगा लेम्युएल आला. तो फाटकाबाहेरूनच फवारून निघाला, तर हिनं त्याला अडवलं.

"अरे, जेवणावळ काय रस्त्यावर बसणारेय? आत घे, पार ओकच्या झाडापर्यंत!"

"मावशी, नियमात बसत नाही."

"तुझी आजी आत निजलीय, तिला सांग जा तुझे नियम!"

बिचाऱ्यानं मुकाट्यानं गाडी आत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खुर्ची घेऊन गेली, तर भुंगे पाय वर करून पडलेले. एक उचलून तिनं फुंकर घातली. हलला नाही. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. डासांचं औषध भुंगा बघून थोडंच सोडतं! भुंगे तिचे, फोन तिचा, गाडी आत बोलावणारीही तीच. कोणाला सांगायची लाज वाटली, म्हणून वेल उपटायला मदतही मागितली नाही. दोन दिवस स्वतःच ओढून पाहिलं, तिसऱ्या दिवशी उठवेना. वेलीनं नवी पानं फोडली नि दगडाचा कोपरा पुन्हा झाकला.

रविवारी पाद्रीबाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "एक डास नाही! मानलं बुवा ओझेलाबाईंना!" लोकांनी टाळ्या पिटल्या. बाईनं आपलं माशाचं ताट शेजाऱ्याकडे सरकवलं.

जेवणं झाल्यावर रूफसची बहीण क्लिओमी फुलं घेऊन आली. "वहिनी, माझा दादा कुठाय? यंदा नक्की दाखवते म्हणाली होतीस."

बाईनं हिरव्या ढिगाकडे बोट केलं. "तिथं. वर आला होता गं तो. मीच परत पुरला." आणि तिला रडू फुटलं.

फुलं कुठं ठेवावीत ते क्लिओमीला कळेना. तशीच हातात धरून ती वहिनीजवळ गवतात बसली.