ताईंचा पासवर्ड

सौंसरहून बसनं पांढुर्ण्याले जायचं, तिथल्या एका कॉलेजचं सर्व्हर अन् वेबसाइट सांभाळायची, संध्याकाळी परत यायचं. बरीच वर्षं हेच करून राहिलो. काम असं, की नीट चाललं तर कोणाले दिसत नाही अन् बिघडलं की बोंब आपल्याच नावानं. आधी मी चिडत होतो. आता चिडायचाही कंटाळा येऊन राहिला.

त्या सर्व्हरवर एक जुनं पॅनल होतं. पॅनल म्हणजे ज्यातून साऱ्यांचे लॉगिन बनवायचे अन् वेबसाइट चालवायची, ते सॉफ्टवेअर. पासवर्ड टाकताना ठिपके दिसत, म्हणून लोकायले वाटे, झालं, सुरक्षित. कायचं सुरक्षित! मागच्या फायलीत ते सारे पासवर्ड इतक्या कच्च्या एन्क्रिप्शननं ठेवले होते, की फाइल हाती लागली तर कोणीही मिनिटभरात उलटे करून वाचावे. चांगलं सॉफ्टवेअर पासवर्ड पार दळून टाकते, पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. आमच्या पॅनलनं नुसतं वरून फडकं झाकलं होतं. अन् त्या फायलीची कॉपी ऑफिसातल्या कोणत्याही कॉम्प्युटरवरून उघडायची.

सेक्रेटरी साहेबाले किती डाव सांगितलं, पॅनल बदला म्हणून. ते म्हणत, "अबे, आपल्या पांढुर्ण्यात कोण येऊन राहिलं हॅक कराले? कायले डोकं खातं?"

मग एकदा वेबसाइटवर निकाल लागला अन् एका पोराचे मार्क पेपरातल्या मार्कांपेक्षा जास्त निघाले. पॅनलात पाहिलं, तर बदल ताईंच्या लॉगिनमधून झालेला.

ताई म्हणजे ऑफिसातल्या क्लार्क. मोहगावहून येत. नवरा दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात राखण करे, घर त्यांच्याच पगारावर चाले. नोकरी कॉन्ट्रॅक्टची, अन् दर साली एकच ऐकत आलेल्या, पुढच्या साली पक्कं करू. आता त्याच बाईले सेक्रेटरी साहेब अन् कॉलेजच्या कमिटीसमोर बोलावलं होतं, उद्यापासून येऊ नका म्हणायचीच काय ती देर होती.

"मी नाही केलं जी," एवढंच त्या म्हणून राहिल्या होत्या.

पॅनल दाखवाले मलेही तिथं बसवलं होतं. मले राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, लॉगिन ताईंचं म्हणून काम ताईंचंच असं नाही. ह्या पॅनलातून कोणीही कोणाचाही पासवर्ड काढू शकते."

"दाखव मग. उगाच गोष्टी नको सांगू."

"माझाच काढून दाखवतो."

"तुझा तर तुले पाठच असंल! दुसऱ्या कोणाचा काढ."

मघापासून तावातावानं बोलणारे सारे टेबलाकडे पाहून राहिले. शेवटी ताईच म्हणाल्या, "माझा काढा भाऊ. मले काय लपवाचं हाय?"

भिंतीवरच्या पडद्यावर मी ती फाइल उघडली. ताईंच्या नावापुढची अगडबगड अक्षरं उचलली, उलटी करायच्या प्रोग्रॅमात टाकली. बटन दाबलं अन् त्याच घडीले ताई खुर्चीतून उठल्या.

"थांबा भाऊ! नको, नको..."

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत, सारं एकाला एक जोडून, आलं होतं: यंदा तरी पक्की होऊ दे.

रोज सकाळी कॉम्प्युटर चालू करताना ती बाई हे टाइप करत होती.

एक मेंबर फिसकन हसला. मग दुसरा. साहेबानं तर मोठ्यानं वाचून दाखवलं, "वा ताई, रोज अर्ज देऊन राहिल्या तुम्ही!" ताईंनी पदर तोंडाशी धरला अन् खाली पाहत बसल्या. मी धाडकन लॅपटॉप बंद केला.

नोकरी वाचली. नुसत्या लॉगिनवरून कोणाले धरता येत नाही, हे साहेबाले मानावंच लागलं. मार्क कोणी बदलले, ते आजवर सापडलं नाही. पक्कं मात्र ताईंले केलं नाही. उलट आता तो विषय निघाला, की ऑफिसात सारे एकमेकांकडे पाहून हसतात. अरे, हसायचं काय त्यात? पण बोलून कोणाशी भांडू?

थोड्या दिवसांनी नवीन पॅनल आलं. एकेकाच्या टेबलाशी जाऊन मी नवे पासवर्ड टाकून घेतले. ताईंपाशी गेलो.

"आता हा कोणालेच वाचता येत नाही ताई. मलेही नाही. काहीही टाका, तुमच्या मनातलं."

"हौ का," त्या म्हणाल्या.

मी मान वळवून खिडकीकडे पाहत उभा राहिलो.

"कायले तिकडे पाहता भाऊ? पाहा ना इकडे." अन् माझ्यासमोर, एका बोटानं, त्यांनी एक ते आठ आकडे ओळीनं दाबले. "वाचा आता कोणाले वाचाचं ते."