लग्नांची डिस्क आणि घरची डिस्क

मंठ्यात आणि आसपासच्या गावांत मी बरीच वर्षं लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. घरचा कॉम्प्युटर त्यासाठीच घेतला होता. पुढे ज्याच्या त्याच्या हातात चांगला मोबाइल आला, मोठ्या लग्नांना जालन्याहून ड्रोनवाले यायला लागले. मी कॅमेरा कपाटात ठेवला आणि एका बियाण्यांच्या दुकानात कामाला लागलो. कॉम्प्युटर घरीच राहिला. त्यात दोन हार्ड डिस्क होत्या. जुन्या डिस्कवर सगळी शूटिंगं होती, तिला आम्ही लग्नांची डिस्क म्हणायचो. दुसरी घरची. कॉम्प्युटर तिच्यावरच सुरू व्हायचा. मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आणि आताचा तिचा अभ्यास, सगळं तिच्यावर.

गेल्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर फार रेंगाळायला लागला. बटण दाबून मुलगी आंघोळ करून यायची, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. कॉलेजचं तिचं शेवटचं वर्ष, पुढच्या प्रवेश परीक्षांची तयारी चाललेली. त्यात कॉम्प्युटरच्या डब्यातून मधूनच टकटक ऐकू यायला लागली. दुकानाच्या कामानं नव्या जालन्यात जायचंच होतं, तेव्हा कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलो.

स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला माझ्या शूटिंगच्या दिवसांपासूनचा ओळखीचा. त्यानं डबा उघडला, बराच वेळ तपासलं.

"दोन वेगळ्या बीमाऱ्या हायेत, भाऊ," तो म्हणाला. "टकटक करून राह्यली ती ही जुनी डिस्क. हिचा आता भरोसा न्हाई. आन् कॉम्प्युटर हळू चालतो तो या दुसरीमुळं. ती खराब न्हाई, फक्त थकली. तिच्या जागी नवी एसएसडी, म्हंजे जल्दी चालणारी डिस्क, टाकली तर बटण दाबलं की चालू."

"मंग बदलायची कोणती?"

"दोन्ही बदला. एकच बदलायची असंल तर तुम्हीच ठरवा. काम जल्दी पायजे का जुना माल पायजे. फक्त जुनीला जास्त चालवू नका. कधी बंद पडंल सांगता येत न्हाई."

मुलीची फी नुकतीच भरली होती, दोन्हींचा खर्च जमण्यासारखा नव्हता. परत येताना एसटीतच माझं ठरलं. घरची बदलायची. धंदा बंद होऊन इतकी वर्षं झाली, ज्याला त्याला त्याच्या लग्नाची डीव्हीडी केव्हाच दिलेली. डिस्कवर उरलं होतं ते कच्चं शूटिंग. त्याचं कुणाला काय काम?

घरी आल्यावर सगळं सांगितलं. बायको मेथी निवडत बसली होती.

"म्हंजे त्या डिस्कमधलं सगळं जाईल?" तिनं विचारलं.

"आज ना उद्या जाईल."

ती मेथी निवडत राहिली.

इथे सांगायला हवं, की त्या धंद्यात आम्ही दोघं होतो. एकदा ऐन लग्नसराईत माझा लाइट धरणारा काम सोडून गेला. हिनं मुलीला शेजारी ठेवलं आणि लाइट घेऊन माझ्याबरोबर आली. मग येतच राहिली. बायकांच्या खोलीत मला जाता यायचं नाही, तिथं कॅमेरा घेऊन ती जायची. मुसलमानांच्या घरी निकाह असला की बायकांच्या बाजूचं शूटिंग तीच करायची. "भाभी येणार असतील तरच तुम्हाला सांगू," असं सांगून लोक मला काम द्यायचे.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "ती लग्नं जायच्या आधी एकदा बघू की. एकच."

मी दुरुस्तीवाल्याचं बोलणं पुन्हा सांगितलं.

"एकानं काय होतंय?"

आम्ही तिघं कॉम्प्युटरपुढे बसलो. जे फोल्डर आधी उघडलं ते लावलं. वडीगोद्रीकडचं एक लग्न निघालं, बौद्ध घरातलं. पांढऱ्या साडीतली नवरी खोलीत खुर्चीवर बसलेली. हातातला हार एवढा थरथरत होता की फुलांच्या पाकळ्या मांडीवर गळत होत्या. तेवढ्यात पडद्याबाहेरून आवाज आला, "ताई, कॅमेऱ्याकडं बघूच नको. मला सांग, सकाळपासून काही खाल्लं का न्हाई?" नवरीनं मान हलवली. "मी बी माझ्या लग्नात उपाशीच होते. मंग चक्कर आल्ती, अन् सगळे म्हणले पोरगी लाजली." नवरी खळखळून हसली. हार स्थिर झाला.

"हा कुणाचा आवाज?" मुलीनं विचारलं. मग आईकडे वळून बघितलं. "मम्मी, तू?"

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. त्या लग्नाच्या डीव्हीडीत या जागी मी सनई टाकली होती. सगळ्यांच्याच डीव्हीडींत टाकायचो. बोलणं काढून संगीत भरायचं, तशी रीतच होती. म्हणजे हा आवाज या डिस्कशिवाय कुठेच नव्हता.

पुढचं बघायच्या आत चित्र थिजलं. टकटक सुरू झाली. मी घाईनं कॉम्प्युटर बंद केला.

"पप्पा, ही बदला," मुलगी म्हणाली. "माझं हळू चालू द्या."

"पोरीचं नुकसान करून माझी बडबड कशाला ठेवायची?" बायको म्हणाली. ती रागावली नव्हती, तिला खरंच तसं वाटत होतं. "तिची परीक्षा महत्त्वाची."

त्या दोघींचं बराच वेळ चाललं. मी ऐकत बसलो. घरच्या डिस्कवर बायकोचे फोटो पुष्कळ आहेत. सगळ्यांत ती नीट उभी आहे, कुणीतरी हस म्हटल्यावर हसलेली. परक्या घरात, घामानं भिजलेली, ओळख ना पाळख अशा मुलीला धीर देणारी ती त्या फोटोंत नाही. मुलीनं तिला तसं कधी बघितलंच नव्हतं. आणि मी रोज शेजारी असून कॅमेऱ्यातच डोळा घालून होतो.

पुढच्या आठवड्यात मी डबा पुन्हा जालन्याला नेला आणि लग्नांची डिस्क बदलायला सांगितली. दुरुस्तीवाल्याला आश्चर्य वाटलं, पण त्यानं कारण विचारलं नाही. कॉपी करायला त्याला फार वेळ लागला. बरंचसं आलं, काही फोल्डर उघडलेच नाहीत. पहिल्या काही वर्षांचं सगळं गेलं. कॉम्प्युटर अजून रेंगाळतो. मुलीनं परीक्षांचे अर्ज आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर भरले, आणि कधीकधी घरच्यावर वैतागते, ते मला ऐकू येतं.

बायकोनं मात्र नवंच काम काढलं. आठवडी बाजारात कुणी जुनी नवरी भेटली की ती सांगते, "तुझं लग्न आहे आमच्याकडं, बोलण्यासकट. पेन ड्राइव्ह घेऊन ये." बायका येतात. कुणी गेलेल्या वडलांचा आवाज ऐकते आणि तेवढंच पुन्हा लावायला सांगते, कुणी नवऱ्याच्या तेव्हाच्या केसांना हसते.

दिवाळीनंतर एक जण आली, पण रिकाम्या हातानं. तिचं लग्न मोडलेलं, आता ती माहेरी असते आणि शिलाईचं काम करते.

"माझं पुसून टाका," ती म्हणाली.

"बघायचं बी न्हाई का?" बायकोनं विचारलं.

"न्हाई."

मी फोल्डर शोधलं. पुसण्याआधी हेच का ते बघावं, म्हणून सुरुवात उघडली. मांडवात तिचा धाकटा भाऊ नाचत होता, मोठ्या माणसाचा कोट घातलेला, बाह्या बोटांच्या खाली लोंबणाऱ्या. ती आल्यापासून उभीच होती, आता खुर्ची ओढून बसली. भाऊ नाचून नाचून खाली पडला, तेव्हा तिला हसू आलं.

"एवढं ठेवता येतं का?" तिनं विचारलं. "फक्त ह्याचं?"

येतं, मी म्हणालो. बायकोनं तिच्यासाठी चहा टाकला. मी तेवढा तुकडा वेगळा काढला, तिच्या मोबाइलवर पाठवला, आणि बाकीचं तिच्यासमोर पुसून टाकलं.